मैदानाच्या दारातली नावं

न्यूझीलंडच्या ग्रामीण भागातून जाताना एखादं लहान गाव येतं आणि दोन मिनिटांत मागे पडतं. एक दुकान, एक चर्च, एक शाळा. मग उंच झाडांच्या रांगेआड हिरवंगार मैदान. एका टोकाला रग्बीचे पांढरे खांब, दुसरीकडे टेनिसचं कोर्ट, कडेला पत्र्याची शेड. आणि रस्त्याच्या बाजूला, एवढ्याशा गावाच्या मानाने फारच भारदस्त वाटावं असं फाटक: मधोमध गाडीची वाट, दोन्ही अंगांना माणसांपुरती लहान दारं, चार जाड खांब, कुठे वर कमान, कुठे नुसताच दिवा. खांबांवर संगमरवरी पाट्या आणि पाट्यांवर नावं.

दहा-पंधरा नावं, कुठे तीस-चाळीस. क्रम आडनावांच्या आद्याक्षरांचा. एकच आडनाव लागोपाठ दोनदा आलं की वाचणारा थबकतो. भाऊ असतील का? तिसऱ्यांदा तेच आडनाव आलं तर पुढचं वाचवत नाही. वर कोरलेलं असतं १९१४ ते १९१८, काही ठिकाणी १९१९; कारण लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली तरी जर्मनीशी तह झाला तो जून १९१९ मध्ये.

गावात चौक होता, चर्चचं आवार होतं, शाळा होती. मग ही नावं खेळाच्या मैदानाच्या दारातच का आली?

मैदानापासून सुरुवात करू. या मैदानाला तिकडे 'डोमेन' म्हणतात. वसाहत वसवताना गावाच्या आखणीतच सार्वजनिक वापरासाठी जागा राखून ठेवली जाई आणि तिचा कारभार गावातल्याच लोकांचं डोमेन बोर्ड पाही. त्यात शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर. हिवाळ्यात रग्बी, उन्हाळ्यात क्रिकेट, वर्षातून एकदा गुराढोरांचं आणि शेतमालाचं प्रदर्शन, शाळेच्या शर्यती, राजाराणीच्या वाढदिवसाची सहल. चर्चमध्ये गाव वाटलं जाई: अँग्लिकन एका दारात, प्रेस्बिटेरियन दुसऱ्या, कॅथलिक तिसऱ्या. डोमेनवर मात्र सगळे यायचे. आपल्याकडे गावची जत्रा ज्या माळावर भरते, त्या माळाला जो मान असतो, तसा तिथे डोमेनला होता. हेही सांगायला हवं की वायकाटो आणि तारानाकी या भागांतली बरीच जमीन १८६३ च्या कायद्याने माओरींकडून जप्त केलेली होती. फाटकामागच्या गवताला तोही इतिहास आहे.

१९१४ साली या देशाची लोकसंख्या जेमतेम ११ लाख. त्यातले सुमारे १ लाख लोक समुद्रापार लढायला गेले. सुमारे १८,००० परत आले नाहीत, ४०,००० हून अधिक जखमी झाले. १२ ऑक्टोबर १९१७ या एका दिवशी बेल्जियममधल्या पॅशेंडेलच्या चिखलात त्यांचे आठशेहून अधिक लोक मेले. गाव जेवढं लहान, तेवढा हा आकडा मोठा होत जातो. रग्बीचा संघ १५ जणांचा असतो. एखाद्या फाटकावर १५ नावं दिसली की गावाने एक अख्खा संघ गमावला, हा हिशेब तिथे कुणालाही करून दाखवावा लागत नाही.

आणि यातलं एकही प्रेत घरी आलं नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात १९१५ पासून मृतदेह मायदेशी नेण्यावर बंदी होती. मे १९१७ मध्ये युद्धकबरींसाठी शाही आयोग स्थापन झाला आणि त्याने ती बंदी कायम ठेवली: जो जिथे पडला तिथेच, किंवा जवळच्या दफनभूमीत, आपल्या सोबत्यांबरोबर राहील. श्रीमंत बापाने मुलाचं प्रेत घरी न्यावं आणि गरिबाने नुसता कागद घेऊन बसावं, हे आयोगाला नको होतं. विचार न्यायाचा होता. पण न्यूझीलंडमधल्या गवळ्याच्या बायकोला बेल्जियमची कबर सहा आठवड्यांच्या बोटीच्या प्रवासापलीकडची होती. ती कधीच तिथे जाणार नव्हती, हे तिला आणि गावाला ठाऊक होतं. तिला हात लावायला एक दगड हवा होता. गावोगावची स्मारकं या गरजेतून उभी राहिली. ती थडग्यांच्या जागी आली, म्हणून त्यांवर नावं आली.

इथे फाटकाचा पहिला पूर्वज भेटतो. इंग्लंडच्या जुन्या चर्चच्या आवारात शिरताना छपराचं एक दार असतं, 'लिचगेट'. यातला 'लिच' म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. तिरडी आणणारे इथे थांबायचे, ओझं टेकवायचे, पाद्री येईपर्यंत वाट पाहायचे. आपल्याकडचा विसावा आठवावा. घर आणि मसण यांच्यामधली ती जागा. महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या कितीतरी खेड्यांनी स्मारक म्हणून लिचगेटच बांधलं. येणारं प्रेत नव्हतं, तरी त्याच्यासाठी दार बांधलं. मला या साऱ्या कुळात हाच धागा सर्वांत जवळचा वाटतो. न्यूझीलंडच्या फाटकावर छप्पर क्वचितच असतं, पण वाट पाहण्याचं दार हा अर्थ तिथेही पोचला आहे.

दुसरा पूर्वज अगदी उलट्या स्वभावाचा: विजयाची कमान. रोममध्ये सम्राट टायटसची, पॅरिसमध्ये नेपोलियनची. वसाहतीत या कमानीचं रूप साधं आणि हंगामी झालं. कुणी मोठा पाहुणा आला की लाकडाचा सांगाडा उभारायचा, त्यावर झाडपाला, नेच्याची पानं, पताका चढवायच्या. १९०१ साली इंग्लंडचा राजपुत्र पत्नीसह न्यूझीलंडला आला तेव्हा गावोगाव अशा कमानी उठल्या. रोटोरुआ गावात त्या वेळी उभारलेली कमान टिकली. ती पुढे रस्त्यावरून हलवून सरकारी बागेच्या दारात नेली आणि आजही लोक तिच्यातून आत जातात. मिरवणुकीची कमान बागेचं फाटक झाली, इतकं हे रूपांतर सोपं होतं.

त्याच सुमारास, १८९९ ते १९०२ या काळात, न्यूझीलंडचे सुमारे साडेसहा हजार लोक दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात लढले. अडीचशेच्या आत मेले. त्या युद्धाची स्मारकं पाहिली तर त्यांत अभिमान जास्त आणि दुःख कमी: बंदूक घेतलेला शिपाई, साम्राज्याचा झेंडा. १९१८ नंतर तो सूर कुणाला लावता येईना. फाटकांच्या खांबांवर तोफा-बंदुका फारशा दिसत नाहीत त्या यामुळे. कमान राहिली, विजय गळून गेला. खरं तर न्यूझीलंडच्या सैन्याचा पहिल्या महायुद्धातला शेवटचा मोठा पराक्रम फाटकातून शिरून झालेलाच नव्हता. ४ नोव्हेंबर १९१८ ला फ्रान्समधलं ल केनुआ हे तटबंदीचं गाव त्यांनी शिडी लावून, तटावरून चढून घेतलं, आणि ते करताना गावातला एकही रहिवासी मरू दिला नाही. तिथले लोक ते अजून विसरलेले नाहीत.

आता गावातली बैठक डोळ्यांसमोर आणू. युद्ध संपलंय, स्मारक समिती बसली आहे. वाद सगळीकडे एकच होता: उपयोगी वस्तू बांधायची की निव्वळ स्मारक? एक गट म्हणे, वाचनालय बांधा, सभागृह बांधा, मेलेल्या पोरांना गावाचं भलं झालेलं आवडलं असतं. दुसरा गट म्हणे, सभागृहात नाच होतील, छप्पर गळायला लागलं की लोक कुरकुरतील, आणि कशासाठी बांधलं ते दहा वर्षांत विसरतील. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. फाटकाने हा तंटा मिटवला. फाटक उपयोगाचंही आहे आणि पवित्रही होऊ शकतं. त्याला छप्पर नाही, गळणार नाही. त्याच्या आत काही घडत नाही, फक्त त्यातून जावं लागतं. चौकातला स्तंभ वळसा घालून टाळता येतो. खेळायला जाणाऱ्याला दार टाळता येत नाही. शिवाय मोठ्या पुतळ्यापेक्षा ते स्वस्त, आणि डोमेनला धड दार हवंच होतं.

पैसा वर्गणीचा. नाच, बाजार, गुरांचे लिलाव, आणि 'क्वीन कार्निव्हल' नावाची एक पद्धत: वेगवेगळे गट आपापली 'राणी' उभी करत, जिच्या नावाने जास्त पैसे जमतील ती जिंकली. खांब कुठे घडीव दगडाचे, कुठे काँक्रीटचे. पाटीसाठी संगमरवर आणि अक्षरं शिशाची. ही कारागिरी पाहण्यासारखी असते. अक्षर आधी दगडात उथळ कोरतात, मग त्या खाचेत बारीक छिद्रं पाडतात. वर शिशाचा पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ठोकतात. मऊ शिसं छिद्रांत घुसून घट्ट धरतं, वरचा जादा भाग कापून काढला की काळसर अक्षर पांढऱ्या दगडाच्या सपाटीला येतं. दर अक्षराचे पैसे लागत. नावं पूर्ण लिहायची की नुसती आद्याक्षरं, या प्रश्नाला त्यामुळे पैशाचीही बाजू होती.

नावं कुणाची, हा त्याहून अवघड प्रश्न. शेजारच्या ऑस्ट्रेलियात त्या युद्धात सक्तीची भरती झालीच नाही. १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही सार्वमतांत लोकांनी ती नाकारली. तिथे गेलेला प्रत्येक जण स्वखुशीने गेलेला, म्हणून तिथल्या पुष्कळ स्मारकांवर परत आलेल्यांचीही नावं आहेत. न जाणाऱ्याचं नाव नाही, हेही त्यातून आपोआप दिसे. न्यूझीलंडने १९१६ साली सक्तीची भरती आणली. मग गेलेल्यांची यादी हा सन्मान कसा ठरावा? तिथे बहुतेक पाट्यांवर फक्त मेलेले आहेत. १९१७ मध्ये ही सक्ती माओरींवर आली आणि प्रत्यक्षात ती लादली गेली वायकाटोच्या माओरींवर, ज्यांची जमीन जप्त झाली होती त्यांच्यावर. हे लोक ते पुएआ हेरांगी या माओरी पुढारी बाईंच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी जायला नकार दिला. त्यांची नावं कुठल्याच खांबावर नाहीत. दुसरीकडे, देशातल्या अगदी पहिल्या स्मारकांपैकी एक, मार्च १९१६ मध्ये काइताया इथे उभं राहिलेलं, माओरी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे.

हुद्दा बहुधा लिहिलेला नसतो. अधिकारी आणि साधा शिपाई एकाच आकाराच्या अक्षरात, वर्णमालेने ठरवलेल्या जागी. गावात शिपाई असा कुणी नव्हताच. अमक्याचा मुलगा होता, संघात मागे उभा राहून लांब किक मारणारा होता. खेळाडूंचं जाणं या देशाला फार लागलं. राष्ट्रीय संघाचे, ऑल ब्लॅक्सचे, १३ खेळाडू त्या युद्धात मारले गेले. त्यांत १९०५ च्या गाजलेल्या इंग्लंड दौऱ्याचा कर्णधार डेव्ह गॅलहर. जन्म आयर्लंडचा, बालपण काटिकाटी या खेड्यात. बोअर युद्धात लढून आलेला, आता चाळिशी ओलांडलेला, तरीही गेला. ४ ऑक्टोबर १९१७ ला पॅशेंडेलच्या मोहिमेत जखमी होऊन मेला आणि बेल्जियमच्या मातीत राहिला. ऑल ब्लॅक्स युरोपात आले की त्याच्या कबरीपाशी जातात.

नावं मैदानाच्या दारात आल्यामुळे एक पेच उभा राहिला, तो मला फार बोलका वाटतो. २५ एप्रिल हा न्यूझीलंडचं सैन्य तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्याचा दिवस, अँझॅक डे. १९२० च्या कायद्याने तो सुटीचा झाला आणि दोनच वर्षांनी त्याला रविवारासारखं सोवळं लाभलं: दुकानं बंद, दारू बंद, शर्यती बंद, खेळ बंद. म्हणजे ज्या फाटकापाशी सकाळी गाव जमे, पुष्पचक्रं वाही, नावं वाचून दाखवी, त्या फाटकामागचं मैदान त्या दिवशी ओस असे. पोरांच्या नावाने मैदान, आणि पोरांच्या दिवशी त्यावर खेळायचं नाही. काही लोकांना ते योग्य वाटे. तो शोकाचा दिवस होता, आईबाप हयात होते. १९६६ च्या कायद्याने दुपारी एकनंतर खेळाला मोकळीक दिली. तोवर नावांमागचे बहुतेक आईबाप गेले होते. सकाळी मौन आणि दुपारी सामना, ही तिथली रीत त्यानंतरची. मला ती मौनाइतकीच आदराची वाटते.

नावांचा हा मागोवा घेताना आपल्या गावांकडे पाहिल्यावाचून राहवत नाही. सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांत कितीतरी गावांत चावडीपाशी, देवळाच्या भिंतीत, शाळेत एक लहानशी पाटी आढळते. सरकारने पाठवलेली, एकाच साच्याची, इंग्रजीत: या गावातून महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाचं नाव बदलतं, आकडे बदलतात, बाकी मजकूर तोच. नाव एकही नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले.

कामी आले ते कुठे? मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली आणि नंतर तुर्कांची कैद. तिथल्या कबर नसलेल्यांसाठी आयोगाने १९२९ मध्ये बसऱ्याला मोठं स्मारक उघडलं, ४०,००० हून अधिक लोकांचं. ब्रिटिश शिपायांची नावं त्यावर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली एक संख्या म्हणून राहिले. नावं असली तर वहीत. ज्या आयोगाने हुद्दा न पाहता सर्वांना सारखा मान देण्याचं ठरवलं होतं, त्याच आयोगाने हे केलं. २०२१ मध्ये त्याने याची जाहीर माफी मागितली. बेल्जियममधल्या ईप्रच्या सुप्रसिद्ध मेनिन फाटकावर ५४,००० हून अधिक नावं आहेत आणि त्यांत सुमारे चारशे हिंदी शिपायांचीही आहेत. म्हणजे कोरता येत होती. दिल्लीच्या इंडिया गेटवरही १३,००० हून अधिक नावं आहेत. पण साताऱ्याच्या आईला दिल्ली ही बसऱ्याइतकीच लांब होती.

न्यूझीलंडच्या गावाने वर्गणी काढून अक्षराअक्षराचे पैसे मोजले आणि आपली नावं आपल्या दारात लावली. आपल्या गावांना एक संख्या टपालासारखी आली. हा फरक आपल्याकडे दुःख कमी असल्यामुळे पडलेला नाही. त्यांचं सरकार ते ठरवत होते, आपलं सरकार आपलं नव्हतं. आणि वेशीत वीराला उभं करायची रीत तर आपल्याकडे कित्येक शतकं जुनी. गावच्या वेशीबाहेर, मारुतीच्या देवळाशेजारी वीरगळ असतात: खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यांवरही बहुतेकदा नाव नाही. पण ज्यांनी ते दगड उभे केले त्यांना कोण ते माहीत होतं, आणि गावाची गुरं वाचवताना लढून पडलेल्याला निदान चेहरा आणि हातातली तलवार मिळाली. महायुद्धाच्या पाटीवर तेवढंही नाही.

१९४५ नंतर न्यूझीलंडमध्ये जुना वाद दुसऱ्या बाजूने मिटला. या वेळी सरकारने गावाने जमवलेल्या प्रत्येक पौंडाला एक पौंड घातला, पण तो उपयोगी स्मारकांसाठी, म्हणून सभागृहं झाली. फाटकांना फक्त नव्या पाट्या मिळाल्या: १९३९ ते १९४५. बहुतेक ठिकाणी पहिल्यापेक्षा आखूड. या पाट्यांवरचे काही जण इटलीत पडले, आपल्या माणसांच्या अगदी शेजारी. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी सेनियो नदी ओलांडताना न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी हिंदी डिव्हिजन लगतच्या पट्ट्यांत होत्या. त्याच दिवशी त्या नदीच्या बंधाऱ्यावर मराठा पलटणीचे नामदेव जाधव दोन जखमी सोबत्यांना एकेक करून मागे आणून पुन्हा शत्रूच्या मशीनगनांवर चालून गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा तरुण जिवंत परतला.

आज या फाटकांतली कित्येक अरुंद पडतात. ती घोडागाडीच्या आणि सुरुवातीच्या लहान मोटारींच्या मापाची. संघाची बस आणि दुधाचा टँकर त्यांत मावत नाही. मग कुंपण थोडं पुढे तोडून वेगळी वाट केली जाते आणि खांब आपल्या जागी उभे राहतात. काही गावांनी ते काढून दोन-चार मीटर सरकवून पुन्हा बांधले आहेत. गवत कापणारा त्यांच्याभोवती हाताने कापतो. लिचेन दगडावर चढतं, ते काढायला तारेचा ब्रश वापरायचा नाही, हे गावात कुणी ना कुणी ठणकावून सांगतं.

शंभर वर्षांच्या उन्हापावसाने शिशाची अक्षरं सुटतात. एखाद्या नावातलं मधलंच अक्षर गळून पडतं. पण त्याच्या जागी दगडात ती बारीक छिद्रं तशीच असतात, आणि त्यांवरून बोट फिरवलं की अक्षर कोणतं ते कळतं. शनिवारी सकाळी लहान मुलांचे सामने असतात. सायकली खांबाला टेकवून, चिखलाच्या बुटांनी ती आत पळतात. एखादं मूल आपलंच आडनाव पाटीवर दिसलं म्हणून थांबतं, वाचतं, आणि बापाला हाक मारून विचारतं, हा आपला कोण?